डेस्कटॉप संगणकाची क्षमतावाढ (ग्राफिक्स व वीजपुरवठा)

डेस्कटॉप संगणकाची क्षमतावाढ म्हणजे वापरात असलेल्या संगणकातील काही भाग बदलून किंवा नवे भाग जोडून त्याची कार्यशक्ती वाढवणे. बोलीभाषेत याला 'अपग्रेड करणे' म्हणतात. संगणकीय खेळांसाठी अशी वाढ करताना दोन भागांचा मुख्यत्वे विचार होतो : पडद्यावरील चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड आणि सर्व भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. या दुसऱ्या भागाला भारतीय बाजारात 'एसएमपीएस' म्हणतात. स्विच्ड मोड पॉवर सप्लाय या नावाचे ते लघुरूप आहे. खेळणाऱ्याचे लक्ष साहजिकच ग्राफिक्स कार्डाकडे असते. मात्र कमी खर्चात घेतलेल्या संगणकात कोणते कार्ड नीट चालेल, हे बहुतांशी एसएमपीएस ठरवतो.

क्षमतावाढीची तत्त्वे सर्वत्र सारखीच असली तरी घरातील वायरिंग, खोलीचा आकार, पावसाळा आणि जवळची बाजारपेठ यांचा तिच्यावर परिणाम होतो. मुंबईत दादर व परळ यांच्या मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर असलेला हिंदमाता परिसर या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. कापडबाजारासाठी आणि पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यासाठी हा भाग ओळखला जातो. जुन्या चाळी, सखल जमीन आणि लोकलने काही स्थानकांवर असलेला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात.

पार्श्वभूमी

आजच्या डेस्कटॉप संगणकाची रचना प्रामुख्याने इंटेल कंपनीने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स या मानकावर आधारलेली आहे. मदरबोर्डाचे आकारमान, स्क्रूच्या जागा, एसएमपीएसचे माप आणि त्यातून निघणाऱ्या वायरींचे टोक या सर्व गोष्टी या मानकाने ठरवून दिल्या. त्यामुळे एका कंपनीचा एसएमपीएस दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डाला जोडता येऊ लागला. दुकानात सुटे भाग जुळवून तयार केलेला, म्हणजेच 'असेंबल्ड' संगणक भारतात घराघरांत पोहोचला, त्यामागे या अदलाबदलीच्या सोयीचा मोठा वाटा आहे.

एसएमपीएस भिंतीवरील प्लगमधून येणाऱ्या २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत करतो. सुरुवातीच्या एटीएक्स संगणकांत बहुतेक भार ५ व ३.३ व्होल्टवर असे. २००० साली आलेल्या पेंटियम ४ प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी ४ पिनची जोडणी देण्यात आली आणि तेव्हापासून भाराचा केंद्रबिंदू १२ व्होल्टकडे सरकत गेला. सध्याचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही जवळजवळ पूर्णपणे १२ व्होल्टवर अवलंबून असतात. स्वस्त एसएमपीएसची बरीचशी लबाडी या बदलातच दडलेली आहे. तिचे विवेचन पुढे येते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाजूने पाहता, १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड 'जीपीयू' या नावाने बाजारात आणले. पुढे पीसीआय एक्सप्रेस या जोडणीने जुन्या एजीपी स्लॉटची जागा घेतली आणि कार्डांची विजेची भूक वाढत गेली. १९९० च्या दशकातील कार्डे स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर चालत असत. २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची ठरवलेली मर्यादा ४५० वॅट आहे, म्हणजे एका साध्या मिक्सरइतकी.

ग्राफिक्स कार्डाची निवड

अनेक स्वस्त संगणकांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसतेच. प्रोसेसरमध्येच असलेला ग्राफिक्स विभाग चित्र तयार करतो आणि त्यासाठी संगणकाची साधी रॅम वापरतो. त्यामुळे रॅमच्या वेगाची मर्यादा चित्रालाही लागू होते. डीडीआर४-३२०० जातीची एकच पट्टी बसवली असेल तर सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहितीची देवाणघेवाण होऊ शकते. दोन पट्ट्या दुहेरी मार्गाने लावल्यास ही मर्यादा ५१.२ गिगाबाइट होते. याउलट जीटीएक्स १६५० या साध्या कार्डाच्या मूळ आवृत्तीची स्वतःची स्मृती सेकंदाला १२८ गिगाबाइट वेगाने चालते. म्हणून एकच पट्टी असलेल्या संगणकात तशीच दुसरी पट्टी बसवणे ही सर्वांत स्वस्त ग्राफिक्स क्षमतावाढ ठरते. एसएमपीएसला हात न लावता होणारी ही लक्षणीय सुधारणा असूनही ती वारंवार दुर्लक्षिली जाते. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ एवढ्यावरही चालतात.

स्वतंत्र कार्ड घ्यायचे झाल्यास पहिली सीमारेषा ७५ वॅटची असते. पीसीआय एक्सप्रेसचा लांब, म्हणजे १६ मार्गिकांचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देऊ शकतो. कार्डाची गरज या मर्यादेत असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर ओढावी लागत नाही. जीटीएक्स ७५० टीआय (२०१४, ६० वॅट), जीटीएक्स १०५० टीआय (२०१६, ७५ वॅट), जीटीएक्स १६५० (२०१९, ७५ वॅट), आरएक्स ६४०० (२०२२, ५३ वॅट) आणि आरटीएक्स ३०५० ची ६ गिगाबाइट आवृत्ती (२०२४, ७० वॅट) ही या गटातील नावाजलेली कार्डे आहेत. यांपैकी काहींच्या विशेष आवृत्त्यांना मात्र उत्पादकांनी ६ पिनची जोडणी दिलेली असते, म्हणून खोक्यावरील चित्र पाहून खात्री करावी लागते.

केवळ नावावरून कार्ड घेणे धोक्याचे असते. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ स्मृतीसह आले. तिचा वेग सेकंदाला सुमारे ४८ गिगाबाइट होता. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ स्मृतीची आवृत्ती आली आणि हा वेग सुमारे १७ गिगाबाइटवर घसरला. नाव एकच, खोकेही जवळपास तेच, पण खेळातील कामगिरी बरीच कमी. आरटीएक्स ३०५० चेही तसेच आहे : ८ गिगाबाइटचे मूळ कार्ड १३० वॅटचे असून त्याला वेगळी वीजजोडणी लागते, तर ६ गिगाबाइटच्या कार्डात गणनकेंद्रे कमी आणि स्मृतीचा मार्ग अरुंद आहे. स्वस्त संगणकासाठी हे दुसरे कार्ड सोयीचे असले तरी ते पहिल्याच्या तोडीचे समजून घेणे चूक ठरते.

आरएक्स ६४०० ची अडचण निराळी आहे. त्याचा कनेक्टर लांब असला तरी माहितीसाठी तो केवळ ४ मार्गिका वापरतो. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्या पुरतात. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डावर प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा असल्याने कार्ड अडखळते. इंटेलच्या आर्क ए३८० या कार्डाला 'रिसायझेबल बार' ही सुविधा असलेला मदरबोर्ड हवा, अन्यथा त्याची कामगिरी बरीच घसरते. ही दोन्ही कार्डे कागदावर स्वस्त संगणकासाठी बनलेली वाटतात, परंतु ज्या संगणकांना त्यांची सर्वाधिक गरज असते त्याच जुन्या संगणकांत ती कमी पडतात.

मॉनिटरची जोडणी हा आणखी एक सुटणारा मुद्दा आहे. जुन्या मॉनिटरला पुष्कळदा फक्त १५ पिनची व्हीजीए जोडणी असते आणि अलीकडच्या कार्डांवर ती नसते. अशा वेळी अंकीय संकेताचे रूपांतर करणारा सक्रिय कन्व्हर्टर घ्यावा लागतो. केवळ पिना जुळवणारी साधी वायर उपयोगी पडत नाही.

वीजपुरवठा

स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत '४५०' किंवा '५००' असा आकडा छापलेला असतो. हा आकडा वॅटचाच आहे असे ग्राहक गृहीत धरतो. कित्येकदा तो केवळ मॉडेल क्रमांकाचा भाग असतो. खरी क्षमता एसएमपीएसच्या कुशीला चिकटवलेल्या तक्त्यात असते. त्या तक्त्यात प्रत्येक व्होल्टसमोर अँपिअर दिलेले असतात आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट.

नमुन्यादाखल, १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर, ५ व्होल्टसमोर २० अँपिअर आणि ३.३ व्होल्टसमोर २० अँपिअर असे आकडे असलेला एसएमपीएस घेतला, तर त्याची १२ व्होल्टवरील क्षमता १९२ वॅट, ५ व्होल्टवरील १०० वॅट आणि ३.३ व्होल्टवरील ६६ वॅट होते. तिन्हींची बेरीज साडेतीनशेच्या पुढे जाते आणि विक्रेता तिला ४५० च्या आसपास नेऊन ठेवतो. खेळताना लागणारी वीज मात्र १२ व्होल्टवर लागते आणि तेथे उपलब्ध आहेत फक्त १९२ वॅट. उरलेली क्षमता पंचवीस वर्षांपूर्वीच्या संगणकाला उपयोगी पडली असती. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये एकट्या १२ व्होल्टसमोर ३५ अँपिअरच्या आसपासचा आकडा दिसतो.

गरजेचा हिशोबही याच पद्धतीने होतो. कोअर आय५-१२४००एफ या प्रोसेसरची कमाल मर्यादा ११७ वॅट आहे. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅटचे आहे. मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे यांसाठी ५० वॅट धरल्यास एकूण ३३७ वॅट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे २८ अँपिअर. वरच्या नमुन्यातील १६ अँपिअरचा एसएमपीएस या संगणकाला पुरणार नाही, त्यावर ५०० लिहिलेले असले तरीही. एनव्हिडियाने या कार्डासाठी ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केली आहे. ही शिफारस गरजेपेक्षा मोठी दिसते. त्यामागे दोन कारणे आहेत : बाजारातील एसएमपीएसच्या दर्जाचा कंपनीला भरवसा नसतो, आणि ग्राफिक्स कार्डाचा भार स्थिर नसतो. काही मिलिसेकंद टिकणारे भाराचे झटके सरासरीच्या दुप्पट जाऊ शकतात. खेळाच्या ऐन रंगात संगणक एकाएकी बंद पडतो आणि पुन्हा सुरू केल्यावर निमूट चालतो, तेव्हा प्रायः असा झटका एसएमपीएसच्या संरक्षक यंत्रणेला न पेलल्याचे ते लक्षण असते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात हे झटके सहन करण्याची अट प्रथमच स्पष्टपणे घालण्यात आली.

निकृष्ट एसएमपीएसमध्ये तर ही संरक्षक यंत्रणाच अपुरी असते. तेथे संगणक बंद पडण्याऐवजी व्होल्टेज डळमळते, घटक तापतात आणि शेवटी एसएमपीएस जळताना मदरबोर्ड व कार्डालाही सोबत नेतो. कार्डासाठी साठवलेल्या पैशांतून एसएमपीएसपुरते पैसे वाचवणे हा म्हणूनच सर्वांत महाग पडणारा काटकसरीचा प्रकार आहे.

'८० प्लस' हे चिन्ह २००४ पासून वापरात आहे. एसएमपीएसच्या क्षमतेच्या २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के वीज संगणकापर्यंत पोहोचते, एवढेच त्याचा मूळ स्तर सांगतो. ब्राँझ, गोल्ड इत्यादी स्तर याहून अधिक कार्यक्षमतेचे आहेत. चाचणी सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानाला होते. मे महिन्यात मुंबईतील बंद खोलीत, त्यातही कॅबिनेटच्या आत, एवढा गारवा नसतो. शिवाय हे चिन्ह कार्यक्षमतेचे आहे, सुरक्षिततेचे नव्हे. तरीही हे चिन्ह खरोखर मिळवलेला एसएमपीएस सहसा अगदीच टाकाऊ नसतो, आणि ग्राहकाच्या हाती असलेली ही एक बरी चाळणी आहे.

७५ वॅटपेक्षा अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून थेट वायर जोडावी लागते. ६ पिनची जोडणी ७५ वॅटसाठी व ८ पिनची जोडणी १५० वॅटसाठी आहे. जुन्या एसएमपीएसमध्ये अशी वायर नसल्यास बाजारात रूपांतरक वायरी मिळतात. त्यांतील साटा जोडणीतून ६ पिन काढून देणारी वायर विशेष धोकादायक असते. डिस्कसाठी असलेली साटाची वीजजोडणी १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट पेलण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यावर ७५ वॅटचा भार टाकल्यास प्लास्टिक वितळू शकते. एसएमपीएसमध्ये ६ किंवा ८ पिनची वायर मुळातच नसणे, हा त्या एसएमपीएसने दिलेला नकार समजावा.

कंपन्यांचे जुने संगणक

कार्यालयांतून बाहेर पडलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी, लेनोवो थिंकसेंटर इत्यादी संगणक दुरुस्त करून पुन्हा विकले जातात. कमी पैशांत खेळांसाठी संगणक उभा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांत ते लोकप्रिय आहेत, आणि त्यांची घडण असेंबल्ड संगणकाहून पुष्कळदा भक्कम असते. अडचण अशी की, यांतील अनेक मॉडेलांनी एटीएक्सची अदलाबदलीची सोय सोडून दिली आहे. २०१३ च्या ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये मदरबोर्डाची मुख्य वीजजोडणी नेहमीच्या २४ पिनची नसून ८ पिनची आहे. लेनोवो व एचपीच्या काही मॉडेलांतही वेगळ्या पिनांची जोडणी आढळते. त्यामुळे दुकानातला एसएमपीएस थेट बसत नाही; रूपांतरक वायर लागते आणि ती नेमक्या मॉडेलसाठी बनलेली असावी लागते. आखूड कॅबिनेटच्या मॉडेलांत एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो आणि कार्ड अर्ध्या उंचीचे घ्यावे लागते. काही छोट्या मॉडेलांचा स्लॉट पूर्ण ७५ वॅट देत नाही, हे माहितीपुस्तिकेत पाहूनच कळते.

अशा संगणकात एसएमपीएस न बदलता त्याला झेपेल असे कार्ड बसवणे बहुधा शहाणपणाचे असते. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या उभ्या आवृत्तीत २९० वॅटचा एसएमपीएस असतो. कोअर आय५-४५७० प्रोसेसरचे ८४ वॅट, ७० वॅटचे आरटीएक्स ३०५० आणि इतर भागांचे ५० वॅट मिळून २०४ वॅट होतात. ही बेरीज मर्यादेत बसते. मात्र हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. व्हॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षा सुविधांची मागणी करतो. कार्ड बसेल, वीज पुरेल आणि तरी हवा तो खेळ सुरू होणार नाही, असा प्रसंग यातून उद्भवतो. म्हणून खेळाच्या आवश्यकता कार्ड घेण्यापूर्वी तपासाव्या लागतात.

हिंदमाता परिसरातील परिस्थिती

मुंबई बेटशहरात, म्हणजे कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत, वीजपुरवठा मुख्यतः बेस्ट उपक्रमाकडून होतो. हिंदमाता याच भागात येतो. शहराचा पुरवठा देशाच्या तुलनेत भरवशाचा मानला जातो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी संपूर्ण महानगराची वीज गेली, ती घटना तिच्या दुर्मिळतेमुळेच लक्षात राहिली. त्यामुळे येथील प्रश्न भारनियमनाचा नसून इमारतीच्या आतील वायरिंगचा आणि पावसाळ्याचा आहे.

जुन्या चाळींत अर्थिंगची तार पुष्कळदा तुटलेली असते किंवा मुळातच ओढलेली नसते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्यासाठी अडॅप्टर वापरले जाते, तेव्हाही परिणाम तोच होतो. एसएमपीएसच्या प्रवेशापाशी विद्युत गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात आणि ते गोळा झालेला भार अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा सुमारे ११५ व्होल्टवर, म्हणजे मुख्य व्होल्टेजच्या निम्म्यावर तरंगतो. विद्युतप्रवाह अत्यल्प असल्याने हाताला केवळ झिणझिण्या येतात आणि घरात 'संगणकाला जरा करंट लागतो' असे म्हणून विषय सोडून दिला जातो. हा धक्का स्वतः प्राणघातक नसतो. परंतु एसएमपीएसमध्ये पुढे खराच बिघाड झाला, तर वीज वाहून नेणारी आणि फ्यूज उडवणारी वाट उपलब्ध नाही, हे त्या झिणझिण्या सांगत असतात. अनवाणी पाय आणि पावसाळ्यात ओलसर झालेली फरशी असेल तर त्याचे परिणाम गंभीर होतात. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे हा क्षमतावाढीचाच भाग मानायला हवा. त्याचा खर्च कार्डाच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असतो.

दुसरा प्रश्न उष्णतेचा आहे. संगणक जितकी वीज घेतो तितकी सर्व अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीत येते. हिंदमाताजवळच्या नायगावसह मुंबईतील बीडीडी चाळींच्या मूळ खोल्या १६० चौरस फुटांच्या आहेत. अशा खोलीत ४०० वॅट घेणारा संगणक चालू असणे म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने खोलीत आणखी चार माणसे येऊन बसण्यासारखे आहे, कारण स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. ७० आणि १७० वॅटच्या कार्डांतील फरक येथे केवळ वीजबिलाचा राहत नाही. बिलाचा हिशोब तसा साधा आहे : दररोज तीन तास खेळल्यास १०० वॅटच्या फरकाने महिन्याला सुमारे ९ युनिट वाढतात. उकाडा मात्र संगणक न वापरणाऱ्या घरातील माणसांच्याही वाट्याला येतो. कॅबिनेट कपाटाच्या बंद खणात किंवा भिंतीला चिकटवून ठेवण्याची सवय कमी जागेमुळे लागते; कार्ड वाढवल्यावर ती मोडावी लागते.

पावसाळ्यात हिंदमाताचा बशीसारखा सखल भाग पाण्याखाली जातो. हे पाणी साठवण्यासाठी मुंबई महानगरपालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कलाउद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. पाणी विजेच्या पेट्यांपर्यंत चढू लागले की सुरक्षिततेसाठी पुरवठा खंडित केला जातो. तळमजल्यावरील घरांत व दुकानांत सर्वांत आधी भिजतात त्या जमिनीवर ठेवलेल्या वस्तू : एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस आणि टेबलाखालचे कॅबिनेट. कार्ड विकत घेण्याआधी या तिन्ही वस्तू फळीवर चढवणे हा या भागातला पहिला उपाय होय. भिजलेला एसएमपीएस वाळवून पुन्हा चालू करणे टाळले जाते, कारण आतील गंज व क्षार दिसत नाहीत.

यूपीएसचा प्रश्न क्षमतावाढीनंतरच उपस्थित होतो. घरगुती वापराच्या ६०० व्हीए यूपीएसची खरी क्षमता प्रायः ३६० वॅट असते. वर हिशोबात घेतलेला ३३७ वॅटचा संगणक ८५ टक्के कार्यक्षमतेच्या एसएमपीएसवर भिंतीतून सुमारे ४०० वॅट घेतो आणि मॉनिटरचे २५ वॅट वेगळे. म्हणजे पूर्ण भाराने खेळ चालू असताना वीज गेली तर यूपीएस बॅटरीवर जाताच अतिभाराने बंद पडतो. जुन्या संगणकाला वर्षानुवर्षे सांभाळणारा यूपीएस नव्या कार्डानंतर 'बिघडला' असे वाटते, ते यामुळे. ७० वॅटच्या कार्डाचा ऑप्टिप्लेक्स ८० टक्के कार्यक्षमता धरूनही भिंतीतून सुमारे २५५ वॅट घेतो. मॉनिटरसह तो याच यूपीएसवर निभावतो. वीज गेल्यापासून बॅटरी जोडली जाईपर्यंत यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा काळ एसएमपीएसला स्वतःच्या कपॅसिटरमधील साठ्यावर काढावा लागतो. मानकानुसार हा साठा सुमारे १६ मिलिसेकंद पुरावा, आणि हलक्या एसएमपीएसमध्ये तो पुरत नाही.

खरेदी

सुट्या भागांची मुंबईतील सर्वांत परिचित बाजारपेठ ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड ही आहे. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी ग्राहक आणि दुकानदार दोघेही १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचेच नाव वापरतात. दादरहून पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने ग्रँट रोड हे पाचवे स्थानक आहे. ऑनलाइन विक्री वाढल्यावरही या बाजाराचे महत्त्व टिकून आहे, कारण कॅबिनेट सोबत नेऊन कार्ड बसते की नाही हे तेथे प्रत्यक्ष पाहता येते. हमी पुष्कळदा भागाच्या अनुक्रमांकाशी आणि भारतातील अधिकृत वितरकाशी निगडित असते. जीएसटीचे पक्के बिल नसल्यास हमीचा दावा करणे अवघड जाते. घासाघीस करून कमी केलेल्या किमतीत काही वेळा हे बिलच गळालेले असते.

वापरलेल्या कार्डांचा बाजारही मोठा आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याच्या उत्खननासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डे जगभर विक्रीस निघाली. अशा कार्डाचे पंखे व उष्णतावाहक लेप झिजलेले असतात, पण तेवढ्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही. त्याहून वाईट प्रकार बनावट कार्डांचा आहे : जुन्या कार्डाची आज्ञावली बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव दिले जाते. जीपीयू-झेड हा विनामूल्य प्रोग्रॅम २०१८ पासून अशी कित्येक कार्डे ओळखू शकतो. पैसे देण्यापूर्वी दुकानातच तो चालवून पाहणे आणि दहा-पंधरा मिनिटे एखादा जड खेळ सुरू ठेवणे, ही खात्रीची रीत मानली जाते.

जोडणी

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून काही मिनिटे थांबतात. एसएमपीएसची स्वतःची पेटी घरी कधीच उघडत नाहीत : तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या घरातील किंवा त्याहून अधिक दाबाची वीज प्लग काढल्यावरही काही काळ शिल्लक राहते. सुट्या होणाऱ्या वायरींचा एसएमपीएस बदलताना जुन्याच्या वायरी नव्याला लावणे घातक ठरते. मदरबोर्डाकडचे टोक प्रमाणित असले तरी एसएमपीएसकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने करते, आणि चुकीच्या पिनेवर आलेले १२ व्होल्ट क्षणात डिस्क जाळतात.

कार्ड स्लॉटमध्ये बसल्यावर टोकाची खिट्टी 'टक्' असा आवाज करते. त्यानंतर मागचा स्क्रू आवळून वीजजोडणी शेवटपर्यंत दाबावी लागते. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० कार्डांच्या नव्या १६ पिनी जोडण्या वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. कनेक्टर पूर्ण न बसणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण आढळले आणि पुढच्या वर्षी त्याची रचना सुधारण्यात आली. स्वस्त कार्डांना ही जोडणी नसते, पण अर्धवट बसलेला ८ पिनचा कनेक्टरही तापतोच. मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या जोडणीतून काढून कार्डाला लावणे राहून गेल्यास खेळ जुन्याच गतीने चालतो. नवे कार्ड 'काही फरक पाडत नाही' अशा तक्रारींत हे कारण नेहमी निघते.

काढलेले भाग

बाहेर काढलेला एसएमपीएस चालू स्थितीत असेल तर कमी भाराच्या संगणकात तो वापरता येतो. जळलेला एसएमपीएस आणि निकामी कार्ड हा ई-कचरा होय. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि तो नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडे जाणे अपेक्षित आहे. भंगारवाल्याकडे गेलेल्या एसएमपीएसमधील तांबे काढण्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि त्यांच्या आवरणातून विषारी धूर निघतो. बंद पडलेल्या यूपीएसमधील शिसे-आम्ल बॅटरीला स्वतंत्र नियम लागू आहेत. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच विक्रेत्याकडे परत देण्याची पद्धत रूढ आहे.